सेल्फची जागा

देवाजी, आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही आणि नवव्या दिवशी सकाळी तू गेलास. एवढी घाई कोणाला असते? अजून दोन दिवस थांबला असतास तर मी आलोच असतो. चहाची किटली घेऊन आलो असतो आणि काही झालंच नाही अशा तोंडाने तुझ्या बाकड्यावर बसलो असतो. आपली सगळी भांडणं अशीच मिटली. माफी कोणी मागायची नाही, फक्त ज्याची चूक त्याने चहा आणायचा. या वेळचा चहा माझ्याकडे होता. ते मला तिसऱ्या दिवशीच समजलं होतं, पण पाय उचलत नव्हता.

तुझी तेरवी होऊन पाच दिवस झाले. आयुष्यभर मी ट्रकांच्या पाठीवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दुसऱ्यांचं म्हणणं लिहीत आलो. आज पहिल्यांदा स्वतःचं लिहायला बसलोय आणि वाचणारा नेमका जागेवर नाही. माझ्या अक्षराचं तुला भारी कौतुक. "श्रावण, तुयं अक्षर पाहून वाटते, मानूस समजदार असन," असं म्हणायचास आणि वर खो खो हसायचास. आता हस म्हणावं.

वरठी रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजांच्या लाइनीत तू आलास तेव्हा मी आधीच तिथे होतो, हे मी तुला सव्वीस वर्षं ऐकवलं. तुझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं दुकान, त्याला लागून माझं पेंटिंगचं, पलीकडे शंकरचं रेडिएटरचं. तुझ्या-माझ्या दुकानांच्या मध्ये एकच टिनाचा पत्रा. त्या पत्र्याची गोष्ट शंकरलाही धड माहीत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात मी दार लावून एका जीपला रंग मारत होतो. धूळ बसू नये म्हणून दार लावलेलं, आणि थिनरचा वास डोक्यात गेला. मी पडलो ते मला कळलंच नाही. तू तुझ्या बाजूने तो पत्रा उचकटून आत आलास आणि मला पायाला धरून बाहेर ओढलंस. शुद्धीवर आल्यावर तुझं पहिलं वाक्य होतं, "पत्रा वाकला गा, आता तूच ठोकून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तू पत्र्यावर दोनदा ठोकलंस. मी विचारलं, काय झालं? म्हणालास, "काही नाही. जित्ता हाय का पाहून राहिलो." तेव्हापासून रोज बाराला तू दोनदा ठोकायचास आणि मी उलट दोनदा ठोकायचो. माझं उत्तर आलं नाही तर तू हातातलं काम टाकून यायचास. एकदा मी मोहाडीच्या बाजाराला गेलो होतो तर तू दुकानाचं कुलूप तोडायच्या बेतात होतास. शंकरने अडवलं म्हणून वाचलं. त्यावरून मी तुला किती चिडवलं! खरं सांगायचं तर या जगात रोज ठरलेल्या वेळी माझी चौकशी करणारा तू एकटाच होतास. हे मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, थिनर पुन्हा चढलं का?

तुझं काम पाहायला मला आवडायचं, हेही मी बोललो नाही. उलट "वायरी चिटकवणे म्हणजे काय काम आहे का" असंच म्हणत आलो. पण रंग सुकेपर्यंत मला रिकामा वेळ असायचा आणि तो सगळा मी तुझ्या बाकड्यावर घालवला, तो उगाच नाही. सेल्फ म्हणजे गाडी चालू करणारी मोटर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देते ती. तुझ्याकडे सगळ्यात जास्त त्याच यायच्या. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, जुन्या जीपच्या. गाडीवाला सांगायला लागला की तू त्याला गप्प करायचास. "तू नोको सांगू. त्याले सांगू दे," म्हणायचास आणि डोळे मिटून किल्ली फिरवायला लावायचास. नुसतं टक् वाजलं तर एक आजार, घरघर झाली तर दुसरा, मोटर नुसतीच भिरभिरून इंजिनाला पकडत नसेल तर तिसरा. तीनदा ऐकायचास. मग उठून आधी बॅटरीची मायनसची वायर काढायचास आणि तिच्यावर स्वतःची पिशवी ठेवायचास, म्हणजे कोणी आगाऊपणाने परत लावू नये. काढलेले नट-बोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये ओळीने. ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात परत. मी एकदा विचारलं, दोन्ही सारखेच तर आहेत. म्हणालास, "दोघंही आपापल्या जागी घासले हायेत इतकी वर्सं. कायले बदली करतं?"

आणि तुझा तो नियम. दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताचं काम त्याला विचारल्याशिवाय खोलायचं नाही. लाइनीतले सगळे हसायचे. तुमसरकडून एक मेटॅडोर आली होती, तिचं वायरिंग कोणीतरी इतकं वाईट केलं होतं की हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. तरी तू मालकाकडून त्या मिस्त्रीचा नंबर घेतलास आणि त्याला फोन लावलास. "भाऊ, तुमची हिरवी वायर मी काढू का?" तो बिचारा तिकडे गोंधळला असणार. मालक वैतागून म्हणाला, अहो, तो परवानगी देणारा कोण? तू शांतपणे म्हणालास, त्याने जीव लावून केलं असेल, आपल्याला काय माहीत. देवाजी, त्याने जीव लावला नव्हता रे. पण तुझ्यासमोर कोणाला तसं म्हणता यायचं नाही.

आता गुरुजींच्या गाडीबद्दल.

मोहाडीच्या वासुदेव गुरुजींची अँबॅसॅडर लाइनीत आली तेव्हा आपण सगळेच उभे राहिलो होतो. टेम्पोने ओढून आणली होती, चारही टायर बसलेले, टपावर कोंबड्या बसत असाव्यात अशा खुणा. पण तिला पाहून तू नमस्कार केलास. तुला आठवत होतं, तुझ्या थोरल्या मुलीच्या वेळी सुमनवहिनींना याच गाडीतून भंडाऱ्याला आणलं होतं. गुरुजींनी त्या गाडीतून किती बाळंतिणी नेल्या असतील, त्यांनाच माहीत नाही. आता गुरुजी पंच्याहत्तरीचे, मुलगा पुण्याला. मुलाने सांगून टाकलं होतं, "बाबा, एकट्याला किल्लीने चालू करता आली तर ठेवा. हँडल मारायचं, धक्का द्यायचा, हे तुमच्या वयात चालणार नाही. नाहीतर मी आलो की भंगारवाल्याला देऊन टाकू." मुलगा वाईट नाही. एकदा हँडल उलटं फिरून गुरुजींचं मनगट मोडलं होतं, त्याची त्याला धास्ती.

तेव्हा सगळं येऊन अडलं ते सेल्फवर. तू ते सेल्फ खोललंस तेव्हा आत उंदराने घर केलं होतं. आर्मेचरची, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाची, तार तू नव्याने गुंडाळलीस, कार्बन बदललेस, बुश बदललीस. तेव्हा तुझ्या उजव्या हाताला कंप यायला लागला होता. मला दिसत होतं. तू मनगट बाकड्यावरच्या व्हाइसच्या, त्या लोखंडी शिकंज्याच्या, कडेला टेकवून सोल्डर करायचास, म्हणजे कंप थांबायचा. कोणी शिकवलं होतं तुला ते? टाका इतका गोल बसायचा की मला माझ्या ब्रशची लाज वाटायची.

आणि मी काय केलं? गुरुजींनी मला फक्त बॉडीला रंग द्यायला सांगितला होता. पण इंजिन उतरवलेलं, सगळं मोकळं, आणि माझ्यातला कलाकार जागा झाला. इंजिनाच्या मागची ती जाड पट्टी, जिच्यावर सेल्फ बसतं, ती मी धुऊन, घासून चंदेरी करून टाकली. दोन हात रंग, वरून चमकीसाठी लॅकर. बोल्टाच्या भोकांच्या आतून सुद्धा. बोनेट उघडलं की लग्नाच्या ताटासारखं चमकलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तू सेल्फ बसवायला आलास, वाकून पाहिलंस आणि म्हणालास, "श्रावण, सेल्फची जागा तेवढी कोरी पायजे होती गा."

"कायले? सेल्फले काय डोळे हायेत रंग पाहाले?"

"डोळे नाहीत, पन अर्थिंग लागते ना त्याले. सेल्फले एकच वायर दिसते. दुसरी वायर म्हंजे हे लोखंडच हाय. करंट एकीकडून येते अन् या लोखंडातून वापस जाते. रंग लावला तं वाट बंद."

"दोन बोल्ट हायेत ना कसलेले! त्याच्यातून जाईन तुयं करंट."

"बोल्टाच्या भोकातही तूच हाय."

शंकर हसला. तिथेच माझं डोकं फिरलं. तू सेल्फ बसवलंस, किल्ली फिरवली आणि टक्. पुन्हा टक्. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस आणि इतक्या मऊपणाने म्हणालास, "तू म्हनशीन तं खरवडतो. दोन मिनिटाचं काम हाय."

मी काय म्हणालो ते तुला आठवतंच, पण मला लिहायलाच हवं. मी म्हणालो, "माया रंगाले हात लावून पाह्य! तुया हाताले कंप सुटला, ते नाही दिसत. सोताचा दोष माया रंगावर ढकलून राहिला."

लाइनीत चार माणसं उभी होती. तू हात खिशात घातलास. देवाजी, तू हात खिशात घातलास ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या आठ दिवसांत तू ते सेल्फ तीनदा उतरवलंस, तीनदा चढवलंस आणि शेवटी काढून ठेवलंस. दरवेळी व्हाइसमध्ये धरून बॅटरीला जोडायचास तेव्हा ते असं गरगरायचं की बाकडं हलायचं. गाडीत लावलं की टक्. शंकर म्हणाला, नुसतंच फिरतं, त्यात जोर नाही राहिला, देवाजीचा हात गेला. पुढे पंक्चरवाल्यानेही तेच म्हटलं. चहाच्या टपरीवर दोन ट्रॅक्टरवाल्यांनीही. हे वाक्य लाइनीत माझ्याच तोंडून निघालं होतं आणि मी ते फिरताना पाहत राहिलो. तुझ्या हातात कानस होती. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या नकळत खरवडलं असतंस तर मला कळलंही नसतं. पण माझ्या हाताचं काम होतं ते, आणि मी नाही म्हटलं होतं.

त्या आठ दिवसांतही तू बाराला पत्र्यावर ठोकत होतास, आणि मीही ठोकत होतो. रागाने, हातोडीने, एकदाच. एवढंच आपलं बोलणं. आठव्या दिवशी माझा ठोका पडल्यावर तू थोडा थांबलास आणि पुन्हा एकदा हळूच ठोकलंस. त्याचा अर्थ काय होता, मी रोज विचार करतो. बहुतेक काही नसेल. बहुतेक चहा मागत असशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता तू खाली बसलास, ते उठलाच नाहीस.

तेरवीच्या पंगतीत मी वाढायला होतो. लोक तुझं चांगलंच बोलत होते, तसा तू कोणाचा वाईट होतास? पण जेवता जेवता शंकर म्हणाला, "शेवटी शेवटी हात नाही राहिला बिचाऱ्याचा. गुरुजीच्या गाडीचं सेल्फ नाहीच चाललं." बाजूच्याने मान हलवली. माझ्या हातात भाताची परात होती. मला तिथेच ओरडून सांगायला हवं होतं. मी भात वाढत पुढे गेलो. एवढा मोठा माणूस तुझ्यासारखा, आणि त्याच्या नावावर शेवटची ओळ कोणती राहणार, तर हात नाही राहिला.

जेवणं आटोपल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. "श्रावण, मुलगा रविवारी येतोय. गाडी देऊन टाकू म्हणतो. देवाजीच गेले, आता कोणाच्या भरवशावर ठेवू?" मग म्हणाले, "मी त्यांना विचारलं होतं, अडलंय कशात? तर म्हणाले, माझंच काम बाकी आहे गुरुजी, माझ्याकडूनच उशीर होतोय."

तुझ्याकडून! हे मला गुरुजींच्या तोंडून ऐकावं लागलं. माझं नाव तुझ्या तोंडून गेलं असतं तर मी तुझ्याशी आणखी भांडलो असतो, आणि आज इतका वाईट अडकलो नसतो.

मी सुमनवहिनींकडे तुझ्या दुकानाची किल्ली मागायला गेलो. दारातच चपला काढत राहिलो. त्याच म्हणाल्या, "घ्या ना भाऊजी. फळीवर दुपट्ट्यात बांधून ठेवलं हाय ते सेल्फ. मी म्हनलं त्यायले, बसवून टाका ना एकदाचं, लोकं काय काय बोलून राहिले. तं म्हने, श्रावण येईन. त्याचं काम हाय, मी कसा हात लावू? तो सोता म्हनन, मंग बसवू."

"रागावला होता का वो वहिनी माझ्यावर?"

"राग?" त्या म्हणाल्या. "रोज दुपारी जेवाले घरी आले की सांगत, जित्ता हाय तुमचा पेंटर, पन डोकं अजून गरमच हाय."

शनिवारी सकाळी मी तुझं शटर उघडलं. फळीवर तो निळा दुपट्टा होता. गाठ सोडण्याआधी मी तुला विचारलं, देवाजी, खोलू का? मोठ्याने विचारलं. ते तुझ्या हाताचं काम होतं. मग खोललं.

सेल्फचं तोंड, म्हणजे जी बाजू माझ्या चंदेरी पट्टीवर बसते ती, तू घासून अशी लख्ख केली होतीस की माझी मिशी तिच्यात दिसत होती. दोन्ही बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ केलेले, अंड्याच्या ट्रेच्या तुकड्यात बसवलेले, आणि बाजूला तुझी बारीक कानस आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा, न वापरलेला. तुझ्या बाजूचं काम तू पूर्ण केलं होतंस. पेपर माझ्या बाजूसाठी होता.

मी खाली बसून रडलो हे मी कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आणि तरी, देवाजी, माझा हट्ट बघ. वाटलं, एवढं लख्ख केलंय तर कदाचित रंगासकट चालेल. कदाचित माझा रंग वाचेल. मायनसची वायर काढली, तिच्यावर तुझी पिशवी ठेवली, गाडीखाली पाठीवर झोपलो. सेल्फ इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. छातीवर घेऊन एका हाताने आधार द्यायचा, दुसऱ्याने बोल्ट शोधायचा, आणि तोंडात माती. तू हे तीनदा केलंस, त्या हाताने, माझ्या एका शब्दापायी. कसंबसं चढवलं, वायर जोडली, किल्ली फिरवली. टक्.

तेवढ्यात शंकर आला. मागून पंक्चरवाला. शंकर म्हणाला, "राहू दे गा पेंटर. कायले तरास घेतं? बिचाऱ्याचा हातच गेला होता."

मी तुझी जाड जंपर केबल आणली. ट्रॅक्टरवाल्यांना तू दाखवायचास ते मी शंभर वेळा पाहिलं होतं. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे पाहिलं. केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सरळ सेल्फच्या अंगाला लावलं, म्हणजे माझ्या रंगाला मधून वगळलं. शंकरला म्हटलं, किल्ली फिरव. देवाजी, इंजिन असं फिरलं की शंकरने घाबरून किल्ली सोडून दिली.

"आता केबल काढतो," मी म्हटलं. "फिरव." टक्.

"पुन्हा लावतो." फिरलं.

"समजलं का?" मी म्हटलं. "सेल्फ पहिल्या दिवसापासून ठीक होतं. हात देवाजीचा नव्हता गेला. मी रंग लावला त्याच्या जागेवर. त्यानं सांगलं होतं, मी आयकलं नाही. अन् मीच बोललो होतो ते हाताचं. खोटं बोललो होतो."

शंकरने डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. मी सेल्फ परत उतरवलं, तुझी कानस घेतली आणि खाली शिरलो. दोन मिनिटांचं काम, म्हणाला होतास. मला पाऊण तास लागला. माझ्याच हाताचा रंग, दोन थर आणि लॅकर, चांगला लावला होता रे, सहजासहजी निघत नव्हता. चंदेरी पापुद्रे डोळ्यांत, मिशीत, तोंडात. आधी लॅकर गेली, मग रंग, मग काळपट लोखंड, मग पेपरने घासल्यावर पांढरं लोखंड. ते उघडं लोखंड सुंदर दिसतं, हे मला पेंटर असून माहीत नव्हतं. भोकं आतून साफ केली. सेल्फ चढवलं. ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात.

बाहेर आलो तर शंकर चहाची किटली घेऊन उभा होता. न सांगता गेला होता. त्या दिवशीचा चहा खरं तर माझ्याकडे होता, पण मी त्यालाही आणू दिला. एक ग्लास तुझ्या बाकड्यावर ठेवलेला मी पाहिला. कोणी ठेवला ते विचारलं नाही. मग बारा वाजले. पत्रा गप्प होता. मी माझ्या बाजूने जाऊन दोनदा ठोकलं, आणि शंकरने तुझ्या दुकानातून उलट दोनदा ठोकलं. त्याला तो हिशेब माहीत नव्हता, त्याने आपलं ठोकलं. मला बरं वाटलं.

रविवारी गुरुजी आले, मुलगा आला, भंगारवाल्याचा टेम्पोही येऊन रस्त्यापलीकडे उभा राहिला. गुरुजींनी धोतर सावरून सीटवर बसायला वेळ घेतला. मुलगा मोबाइल धरून उभा होता, बहुतेक गाडीचा शेवटचा फोटो काढायला. गुरुजींनी किल्ली फिरवली. टक् झालंच नाही, म्हणजे ऐकूच आलं नाही, त्याच्या आत इंजिन फिरलं, दोन खोकले काढले आणि लागलं. काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही. गुरुजींनी बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाच वेळा. पाचव्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, बस झालं, बॅटरी उतरेल." आणि रस्त्यापलीकडे जाऊन त्याने टेम्पोवाल्याला काहीतरी सांगितलं. टेम्पो रिकामा वळला.

गुरुजींनी माझा हात धरला. "श्रावण, तू बसवलंस?"

"बसवलं मी गुरुजी. केलं देवाजीनं," मी म्हटलं. "अडलं होतं माझ्यामुळे."

ते वाक्य आता लाइनीत फिरतंय, देवाजी. मीच फिरवतोय. टपरीवर, ट्रॅक्टरवाल्यांना, पंक्चरला आलेल्या अनोळखी माणसालाही धरून सांगतो. सुमनवहिनींना पहिल्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, ते मला माहीत होतं. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तू असतास तर एवढ्याशा गोष्टीचा मी किती गाजावाजा करतोय म्हणून हसला असतास. हस. पण तुझ्यासारखा कारागीर मी दुसरा पाहिला नाही, हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. सव्वीस वर्षांत एका टिनाच्या पत्र्याइतकं अंतर होतं आणि तेवढं मला ओलांडता आलं नाही. ओलांडलं ते तू, पहिल्याच उन्हाळ्यात.

रविवारी गाडी निघण्याआधी शंकरने बोनेट उघडून पुन्हा एकदा पाहिलं. सगळं चंदेरी, आणि सेल्फच्या भोवती बोट-बोटभर जागा उघडी, खरवडलेली. म्हणाला, "पेंटर, इथं जंग पकडन गा. बाहेरून एक हात मारून दे ना."

मी बोनेट लावलं. म्हटलं, "ते जागा देवाजीची हाय. त्याले इचारल्याबिगर मी हात लावत नाही."